घटस्फोट : रूढी, कायदा आणि कार्यकर्त्यांची जबाबदारी

(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत धानाचा भाव, बिडी कामगारांची मजुरी आणि बावनथडीचे पाणी हे विषय असणे स्वाभाविक आहे. त्या पंक्तीला ‘घटस्फोट’ हा विषय येऊन बसला, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. घटस्फोट ही शहरातल्या शिकल्यासवरलेल्यांची भानगड, खेड्यात तिचे काय काम, असा आपला एक समज आहे. हा समज खरा नाही, हे मला प्रथम सांगावयाचे आहे. खेड्यात संसार मोडत नाहीत असे नाही. ते मोडतात, पण कोर्टात जाऊन मोडत नाहीत, म्हणून त्यांची मोजदाद होत नाही, एवढेच.

२०११ सालच्या जनगणनेचे आकडे पाहा. साऱ्या देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे १३ लाख ६० हजार. विवाहितांच्या संख्येशी ताडून पाहिले तर हे प्रमाण शेकडा पाव टक्कासुद्धा भरत नाही. आपली कुटुंबसंस्था किती भक्कम, असे म्हणून पुष्कळ लोक ह्या आकड्यावर समाधान मानतात. परंतु त्याच जनगणनेत दुसरा एक रकाना आहे : विवाह कायम, पण नवराबायको विभक्त. ह्या रकान्यातील माणसे घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट आहेत. दोन्ही रकान्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे, ह्याचेही कारण उघड आहे. पुरुष दुसरे लग्न करून रकाना बदलतो. बाई आहे तिथेच राहते. म्हणजे आपल्या देशातील खरा प्रश्न घटस्फोटांच्या संख्येचा नाही. घटस्फोट न मिळालेल्या, न मागितलेल्या, नुसत्याच टाकून दिलेल्या स्त्रियांचा तो प्रश्न आहे.

विवाह मोडणे हे आपल्या समाजाला पूर्वी ठाऊकच नव्हते, ते पाश्चात्त्यांकडून आले, असे एक मत नेहमी मांडले जाते. हे मत वरच्या जातींचा इतिहास म्हणजेच सगळ्या समाजाचा इतिहास असे धरून चालते. शेतकरी, कारागीर आणि श्रमिक जातींत काडीमोड होती, फारकत होती, सोडचिठ्ठी होती. पंचांपुढे गवताची काडी मोडली की संबंध सुटला. पुढे बाईला पाट लावण्याची मोकळीक असे, आणि पाटाची बायको म्हणून तिला समाजात जागाही मिळे. ह्या रूढीचा मी गौरव करीत नाही. पंच सारे पुरुष असत, पाटाला लग्नाची प्रतिष्ठा नसे, आणि बाईची किंमत रुपयांत ठरवली जाई. परंतु न पटणाऱ्या संसारातून बाहेर पडण्याची एक वाट ह्या समाजांनी ठेवली होती, आणि त्यामुळे त्यांची कुटुंबव्यवस्था कोसळली असे कोणी दाखवून दिलेले नाही.

ही वाट अरुंद होत गेली, ती प्रतिष्ठेच्या कल्पनांमुळे आणि इंग्रजी न्यायालयांमुळे. रखमाबाईंचा खटला तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या ह्या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. तिच्या सुतार जातीत पुनर्विवाहाची रूढी होती. खुद्द तिच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी दुसरा विवाह केलेला होता. नवरा दादाजी भिकाजी ह्याने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी तो फेटाळला. पण अपिलात फेरसुनावणीचा हुकूम झाला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे इंग्लंडला जाऊन त्या डॉक्टर होऊन आल्या. ‘नांदायला ये’ असा हुकूम देणारी ही तरतूद आपल्या पुस्तकी कायद्यात इंग्लंडातून आली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये ती राहून गेली. १९८३ साली आंध्र उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उचलून धरली. इंग्रज गेला, पण त्याची ही आठवण आपण संस्कृती म्हणून जपली आहे!

भंडारा जिल्ह्याचे ह्या इतिहासाशी एक नाते आहे. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, त्याआधी १९३१ साली बडोदे संस्थानाने केला होता. भंडारा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्यामुळे इथल्या स्त्रियांना त्या कायद्यांचा आधार नव्हता. सबंध देशासाठी एक हिंदू संहिता व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर झटले, आणि ती रखडवली गेली तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे एक ठळक कारण होते. १९५४ साली हेच बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदारसंघ दुहेरी होता. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला. दुसऱ्याच वर्षी, १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला. ज्या माणसाने ह्या कायद्यासाठी सत्ता सोडली त्याला आपल्या जिल्ह्याने लोकसभेत पाठवले नाही, ही गोष्ट आपण विसरू नये. ते ऋण फेडण्याचा एक मार्ग म्हणजे तो कायदा बपेऱ्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणे.

तो पोहोचला आहे काय? मूळ कायद्यात घटस्फोटाची कारणे फार तोकडी होती. क्रूरता आणि दोन वर्षांचा त्याग ही कारणे, त्याचप्रमाणे परस्परसंमतीचा घटस्फोट, हे सारे १९७६ च्या दुरुस्तीने आले. म्हणजे कागदावर वाट आहे. पण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात तारखांना जायचे तर मजुरी बुडते, बसभाडे लागते, वकिलाची फी लागते. म्हणून आपल्याकडे एक तिसराच प्रकार रूढ झाला आहे. गावच्या चार प्रतिष्ठितांची बैठक भरते, स्टॅम्पपेपर आणला जातो, ‘आमचे पटत नाही, आम्ही राजीखुशीने वेगळे झालो, ह्यापुढे एकमेकांवर हक्क नाही’ असा मजकूर टंकलेखित होतो, बाईची सही किंवा अंगठा घेतला जातो, नोटरीचा शिक्का बसतो, आणि सगळे म्हणतात, झाली फारकत.

साथींनो, हिंदू विवाह कायद्याखाली लागलेले लग्न अशा कागदाने सुटत नाही. कलम २९ ने जातीच्या रूढीने होणारा घटस्फोट मान्य केला आहे हे खरे. पण अशी रूढी त्या जातीत प्राचीन काळापासून सतत चालत आली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसता स्टॅम्पपेपर म्हणजे रूढी नव्हे. ह्याचा परिणाम काय होतो पाहा. नवरा त्या कागदावर विसंबून दुसरे लग्न करतो. कायद्याने ते लग्न शून्य असते. दुसरी बाई, जिची काहीच चूक नाही, ती पत्नी ठरत नाही. तिची मुले कायद्याने औरस मानली जातात, एवढाच दिलासा. पहिलीला वाटते, आपला हक्क संपला; म्हणून ती पोटगी मागत नाही. चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीतला कामगार असा दोन संसार मागे ठेवून गेला, तर फंडाच्या आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांपुढे दोन बायका उभ्या राहतात. एका कागदाने दोन स्त्रियांना फसवलेले असते, आणि तो लिहिताना आपल्यातलाच कोणी साक्षीदार म्हणून सही करतो. ही सही करण्याचे आपण आजपासून सोडले पाहिजे.

आता संसार मोडण्याच्या कारणांकडे वळू. मुली शिकल्या, मोबाइल हाती आला, सहनशीलता राहिली नाही, असे निदान पारावर बसून सहज केले जाते. माझे म्हणणे असे की, ही कारणे कमी आणि तक्रारी अधिक आहेत. मुलगी शिकल्यामुळे नवऱ्याचा मार वाढत नाही. तो मार पूर्वीही होता, आता तो सांगण्याची भाषा तिला मिळाली आहे. खरी कारणे आपल्या जीवनाच्या रचनेत आहेत. पहिले कारण हुंडा. १९६१ साली त्याला बंदी झाली, पण देण्याघेण्याची नावे बदलून तो चालूच आहे. लग्नातल्या मोटारसायकलीवरून सुरू झालेली कुरबुर वर्षभरात मुलीला माहेरी पोचवते. दुसरे कारण दारू. धानाच्या एका पिकावर जगणाऱ्या कुटुंबात हंगामानंतर हाताला काम नाही. आलेला पैसा दारूत जातो. आणि भांडणाची सुरुवात बहुधा घरातले तांदूळ संपले ह्या वाक्याने होते. तिसरे कारण स्थलांतर. नागपूरला, रायपूरला, त्याहून दूर कामासाठी गेलेला नवरा महिनोन् महिने येत नाही. मागे राहिलेली तरुण सून सासरच्यांच्या संशयाखाली दिवस काढते. चौथे कारण मूल न होणे किंवा मुलगीच होणे. ह्या दोन्ही गोष्टींचा दोष विज्ञान काहीही सांगत असले तरी बाईच्याच पदरात घातला जातो. पाचवे कारण कोवळ्या वयातले आणि न विचारता लावलेले लग्न.

ह्या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून धान लावते ती बाई. निंदण करते ती. तेंदूपत्ता तोडते ती. बिडी वळते ती. पण सातबारावर नाव पुरुषाचे, घराच्या नोंदीत नाव पुरुषाचे. वीस वर्षे राबून संसार मोडला तर ती ज्या पिशवीनिशी आली त्याच पिशवीनिशी जाते. आपल्या कायद्यात लग्नानंतर दोघांनी मिळून उभ्या केलेल्या मालमत्तेत तिचा वाटा धरलेला नाही. शेजारच्या गोव्यात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याप्रमाणे, वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता दोघांची समाईक मानली जाते. त्या कायद्यातही दोष आहेत, पण हे तत्त्व चांगले आहे. पत्नीला मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विवाह कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक २०१३ साली राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते मंजूर झाले नाही आणि पुढे निकालात निघाले. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपणहून पत्नीच्या नावे जमीन करावी असे आवाहन केले, आणि अनेक गावांत ते पाळलेही गेले. शरद जोशींच्या आर्थिक विचारांशी आपले कितीही मतभेद असोत, ह्या बाबतीत त्यांच्या कार्यकर्त्यांनी जे केले ते आपण केले नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

हा प्रश्न केवळ हिंदूंचा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई ह्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तोंडी तलाकाविरुद्धचा तो पहिला मोर्चा. आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. १९८५ साली शाहबानोला सर्वोच्च न्यायालयाने पोटगी दिली, १९८६ साली संसदेने तो निकाल मोडीत काढला. २०१७ साली तिहेरी तलाक रद्द ठरला, आणि २०२४ साली न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागता येते. परंतु तोंडी तलाकाला गुन्हा ठरवणाऱ्यांनी हेही पाहावे की, एक शब्दही न उच्चारता बायकोला टाकून देणारा नवरा कोणत्याही धर्माचा असला तरी त्याला कोणी जाब विचारत नाही.

टाकलेल्या स्त्रियांचा हा प्रश्न महाराष्ट्रात समतावादी चळवळीनेच ऐरणीवर आणला. १९८८ साली संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली. स्वतंत्र शिधापत्रिका, राहायला जागा, पोटगी, रोजगार अशा साध्या मागण्या होत्या. शिधापत्रिका ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण नवऱ्याच्या कार्डावरून नाव कमी झालेले नाही आणि भावाच्या कार्डावर भावजय चढू देत नाही, अशा बाईला विचारा. ती सांगेल, सरकारच्या लेखी आपण जिवंतच नाही.

ही अडचण बपेऱ्यात दुप्पट होते, कारण हे गाव सीमेवरचे आहे. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा आणि मध्य प्रदेश. सोयरिकी नदी मानत नाहीत. मुली इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात. संसार मोडला की मात्र नदी आडवी येते. आधार आणि शिधापत्रिका त्या राज्यात, बाई ह्या राज्यात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत परित्यक्तेला आणि घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या स्त्रीला अनुदान मिळते, २०२३ पासून ते दरमहा १५०० रुपये झाले. पण महाराष्ट्रातल्या रहिवासाचा दाखला तिने कुठून आणायचा? कोर्टाच्या बाबतीत मात्र एक चांगली सोय झाली आहे, ती ध्यानात ठेवा. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहत असेल तिथल्या कोर्टात तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो. पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही ती आपल्या राहत्या ठिकाणी करू शकते. नवरा बालाघाटचा म्हणून बालाघाटच्या कोर्टात खेटे घालण्याचे कारण नाही.

घटस्फोटाचे परिणाम कोणते, असा प्रश्न नेहमी मुलांच्या नावाने विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. आईबाप वेगळे झाले की मुलाचे अर्धे जग जाते. त्याची शाळा बदलते, मित्र तुटतात, आजोळी त्याला आश्रिताचे ताट मिळते. मुलगी असेल तर शिक्षण थांबवून तिचे लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो, आणि आईच्या आयुष्याची उजळणी मुलीच्या आयुष्यात सुरू होते. परिणाम पुरुषावरही होतो : एकटा पडलेला नवरा दारूत बुडतो, त्याचे म्हातारे आईवडील नातवंडांना पारखे होतात. माहेरी भाऊ आणि भावजय ह्यांच्या संसारावर ओझे येते. भावजय दुष्ट असते म्हणून नव्हे, तर त्या घरातही दोन एकर बांधीवर आठ तोंडे असतात म्हणून. हे सारे खरे आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रोज रात्री बापाने आईला मारताना पाहणारे मूल ‘अखंड’ कुटुंबात वाढत असते. त्या मुलाला विचारून पाहा, त्याला काय अखंड राहिलेले हवे आहे. मुलांचे नुकसान घटस्फोटाने जेवढे होते, त्याहून अधिक ते घटस्फोटापूर्वीच्या हिंसेने आणि नंतरच्या दारिद्र्याने होते. ह्यांपैकी हिंसा थांबवणे आणि दारिद्र्याला आवर घालणे आपल्या हातात आहे.

आता एका नाजूक गोष्टीला हात घालतो. गावचे भांडण मिटवणारा म्हणून कार्यकर्त्याचा मान असतो. ‘मी इतके संसार जोडले’ असे आपण अभिमानाने सांगतो. समेट ही वाईट गोष्ट नाही. कुटुंब न्यायालयांचा १९८४ चा कायदाही आधी समेटाचा प्रयत्न करावा असेच सांगतो. रागाच्या भरात, गैरसमजाने, सासूसासऱ्यांच्या हस्तक्षेपाने तुटू पाहणारे संसार पुष्कळ असतात, आणि ते जोडले पाहिजेत. पण समेट आणि शरणागती ह्यांत फरक आहे. बैठकीत एकही स्त्री नाही, मुलीला बोलू दिले नाही, मारहाणीची गोष्ट ‘होते असे’ म्हणून झटकली, आणि ‘तुझ्या बापाच्या अब्रूकडे बघ’ असे सांगून तिला परत पाठवले, तर आपण संसार जोडला नाही; पोलिसांनी नोंदवायची फिर्याद दडपली. मोजायचे असेल तर किती संसार वाचले हे मोजू नका; किती माणसे वाचली हे मोजा.

म्हणून, भाषणाच्या अखेरीस, काही कामे सुचवतो. ती मोठी नाहीत, पण नेमाने केली तर मोठी होतील.

पहिले, गावात लागणाऱ्या प्रत्येक लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करून घ्या. पोटगीच्या दाव्यात लग्न झालेच नाही असा बचाव घेतला जातो. नोंद असली की तो बचाव पडतो. वधूवरांच्या वयाची खात्रीही त्यातच होते.

दुसरे, स्टॅम्पपेपरच्या फारकतीला साक्षीदार होऊ नका. दोघांची खरी संमती असेल तर कलम १३-ब प्रमाणे कोर्टात अर्ज द्या. सहा महिन्यांच्या प्रतीक्षेची अट योग्य प्रकरणी कोर्ट शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे.

तिसरे, खर्चाच्या भीतीने कोणी थांबत असेल तर सांगा की विधिसेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधिसेवा समिती असते. बाईसोबत पहिल्या तारखेला एकाने जावे. पुढच्या तारखांना ती एकटी जाईल.

चौथे, घरातून हाकललेल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची माहिती द्या. त्यात तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे. तिचे दागिने आणि भांडी हे स्त्रीधन तिचेच आहे. पोटगीचा अर्ज आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली करावयाचा असतो, आणि दावा चालू असतानाही तात्पुरती पोटगी मागता येते.

पाचवे, घराची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करण्याची सोय आहे. तिची सुरुवात आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांपासून व्हावी. सातबारावर पत्नीचे नाव चढवण्याचा निश्चयही इथेच झाला तर ह्या अभ्यासवर्गाचे सार्थक होईल.

सहावे, कोणी जातपंचायत एखाद्या घटस्फोटितेला किंवा तिच्या माहेराला वाळीत टाकत असेल, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वापरा. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य आहे, ह्याचा अभिमान तो वापरण्यात असावा.

साथींनो, समाजवाद ही कारखान्यांच्या मालकीपुरती गोष्ट आहे असे आपण कधीच मानले नाही. डॉ. लोहियांनी सप्तक्रांती सांगितली, तीत स्त्रीपुरुष समतेची क्रांती होती. ती क्रांती मोर्चात घोषणा देऊन होत नाही. तिची परीक्षा ज्या दिवशी गावातली एखादी मुलगी सासरहून रात्री परत येते त्या दिवशी होते. त्या रात्री तिला पहिला प्रश्न काय विचारला जातो? ‘तू काय केलेस?’ की ‘तुला लागले आहे काय?’ बपेऱ्यातल्या प्रत्येक घरात हा दुसरा प्रश्न आधी विचारला जावा, एवढे काम आपण अंगावर घेऊ या.